गुरुजींचा शनवारचा दिवा

आमच्या आळीत शनवार संपला हे घड्याळ बघून कळत नाय. रोहेकर गुरुजींच्या खोलीत दिवा लागला की कळतं. शुक्रवारी सूर्य कलला की गुरुजी विजेच्या बटणाला हात लावत नायत, गॅस पेटवत नायत, फोन बंद करून कपाटात टाकतात तो रविवारी सकाळपर्यंत. शनवारी अंधारायला लागलं की आमच्या दोघांच्या घरांमधल्या आंगणात येऊन उभे राहतात आणि मान वर करून तारे शोधतात. एक दिसून चालत नाय, दोन दिसून चालत नाय, तीन दिसावे लागतात. तीन दिसले की आत जातात, टक्कन दिवा लागतो. त्यांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सुटला. आमचे हे, कमळाकर, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातात, त्यांना सोमवार काय नि गुरुवार काय, सगळं सारखं. पण शनवार गेला हे त्यांना सुद्धा शेजारच्या दिव्यावरनं कळतं.

मी सरू. माझं माहेर पेणच्या बाजूला, हमरापूर. घरात गणपतीचा कारखाना, बारा महिने माती नि रंग. गुरुजी तेव्हा तरुण होते, बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आले होते. मी शाळेला दांडी मारून बापाच्या कारखान्यात साच्यात माती भरत बसायचे. हा माणूस शाळा सोडून कारखान्यात आला, बापाला म्हणाला, गणपतीला दुसरे हात पुष्कळ मिळतील, मला हिचं डोकं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन हजर. माझ्यासारखी किती पोरं त्यांनी अशी उचलून नेली. खाडीकडच्या मिठागरांवर जाऊन बांधावर उभे राहून आयांशी वाद घालायचे, पायाला चिखल, हातात हजेरी. कुणी दार लावून घेतलं तर दाराशी बसून राहायचे. सातवी झाली, पुढं लग्न ठरलं रोह्यात. म्हटलं, सुटले एकदाची मास्तरांच्या हातून. वरातीतनं आले, माप ओलांडलं, दुसऱ्या दिवशी आंगण झाडायला गेले तर शेजारच्या ओट्यावर गुरुजी! घर त्यांचं इथलंच, नोकरी तेवढी पेणला होती. मला बघून काय म्हणाले माहीत हाय? "सरू, पंधराचा पाढा येतो का अजून?" नवी नवरी मी, सासू शेजारी उभी. असा हा माणूस.

माझ्या 'नाय'ला ते अजून टोकतात. नाय नव्हे सरू, नाही. मी म्हणते, नाय म्हटलं म्हणून कुणाचं काय बिघडलं नाय. तेवढीच आमची करमणूक.

पूर्ण नाव सॅम्युएल एलियाह रोहेकर. नवा माणूस नाव ऐकून विचारतो, ख्रिश्चन का? मग गुरुजींचा पारा चढतो. त्यांची माणसं बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या इथली, मराठी बोलणारी. पूर्वी त्यांचे घाणे असायचे तेलाचे, शनवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. माझी सासू सांगायची, या आळीत तेव्हा त्यांची बरीच घरं होती. मग एक एक कुटुंब इस्राएलला निघालं. गुरुजींचे भाऊ गेले, चुलते गेले, मित्र गेले. एका भावाशी तर गुरुजी वर्षभर बोलले नाय, तो गेला म्हणून. स्वतः कधी गेले नाय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मी मराठीचा मास्तर, तिकडे माझ्याकडून काय शिकणार, माझ्याशी बोलणार कोण? गुरुजींच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो, त्या होत्या तोवर घर भरल्यासारखं होतं. त्यांच्या सणाला मलिदा करायच्या, गोड पोहे, खोबरं, फळं घालून, पहिली ताटली आमच्याकडे यायची. बाई वारल्या. मुलगी दीना लग्न करून तिकडेच. जावई त्यांच्याच धर्मातला, पण मोरोक्कोकडच्या घराण्यातला, त्याला मराठीचा म येत नाय. दीनाला एकच मुलगी, शीरा. तिकडं घरात सगळे हिब्रू बोलतात. गुरुजींना हिब्रूत प्रार्थना म्हणता येते, पण बोलता येत नाय. मग फोनवर काय व्हायचं? "शालोम आजोबा." "शालोम बाळ." झालं. पुढं दोघं गप्प. पडद्यावर एकमेकांकडे बघून हसायचे आणि मग दीना फोन घ्यायची. मी एकदा शेजारी बसून बघितलं आणि मला भडभडून आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवलं आणि स्वतःच्या नातीशी बोलायला शब्द नाय.

हे कंप्युटरचं खूळ शिरलं ते लॉकडाऊनमध्ये. माझी मनस्वी तेव्हा दहावीला. शाळा बंद, तास फोनवर. आणि आमच्या आळीत नेटवर्क यायचं फक्त गुरुजींच्या ओट्यावर, तेही उत्तरेच्या कोपऱ्यात. पोर चटई टाकून तिथं बसायची, गुरुजी दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. पडद्यावर मास्तर बोलतोय आणि बाकी सगळे काळे चौकोन. गुरुजी चिडायचे. ही पोरं तोंडं का लपवतात? मास्तर शिकवतो कुणाला, भिंतीला? मनस्वी सांगायची, आबा, डेटा वाचतो. पण बघता बघता म्हातारा शिकला. माइक कुठला, कॅमेरा कुठला, पडद्यावर पुस्तक कसं दाखवायचं. पोरीला गणित समजत नसलं की फोनवरचा तास झाल्यावर हे ओट्यावर समजावून सांगायचे. पोर पास झाली, पुढं नर्सिंगला पनवेलला गेली. मी गुरुजींना म्हटलं, तुमच्या ओट्यावरच्या नेटवर्कनं पास झाली. ते म्हणाले, नेटवर्कने नाही, माझ्या ओरडण्याने.

मग दोन वर्षांमागं दीनाच्या डोक्यात आलं, की पप्पांनी शीराला फोनवर मराठी शिकवावं. एकटीला नको, त्यांच्या गावातली आपल्याच माणसांची आणखी पोरं हायत, नोआ, जोनाथन आणि अशी दोनतीन, त्यांनाही घ्यावं. गुरुजी नको नको म्हणत होते आणि दुसऱ्याच दिवशी पेणला जाऊन बालभारतीची पहिलीची पुस्तकं घेऊन आले. लॅपटॉप दीनानं पाठवला, वायफाय बसवून घेतलं, मनस्वीनं सुट्टीत येऊन सगळं जोडून दिलं. एकदा कुणी भलताच माणूस वर्गात घुसून आरडाओरडा करून गेला, तेव्हापासून मनस्वीनं दाराला कडी घातली. म्हणजे पोरं आली की बाहेर थांबणार, टुंग वाजणार, नाव दिसणार, आणि गुरुजींनी बटण दाबलं तरच आत. मला पण दाखवून ठेवलं, निळं बटण, आबांना नाय जमलं तर तू दाब म्हणून. गुरुजींना हे इतकं आवडलं! खरी शाळा वाटली. प्रत्येकानं आत आल्यावर पहिल्यांदा विचारायचं, आत येऊ का? मग ते म्हणणार, ये. आणि मग हजेरी.

त्यांच्या उन्हाळी सुट्टीत वर्ग चालायचा, आठवड्यातनं दोनदा, आपल्या सातच्या ठोक्याला. मी भाकऱ्या थापताना ऐकायचे. हत्ती, घर, कमळ, अशी पोरं ओरडायची, ळ म्हणताना जीभ वळायची नाय त्यांची. गुरुजी त्या दिवसांत ताठ चालायला लागले. दाढी रोज व्हायची. मच्छीवालीला सुद्धा सांगायचे, माझी नात कमळ म्हणते.

आणि मग घालवलं त्यांनी. रागानं घालवलं. यंदाच्या सुट्टीतला शेवटचा तास होता. शीरानं लिहून आणायचं ते आणलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं, का नाही आणलं? ती म्हणाली, मोडकंतोडकं पण मराठीत म्हणाली, "इथे कोणी बोलत नाही. मी कोणाशी बोलू?" बारा वर्षांची पोर, खरं तेच बोलली. पण गुरुजींना ते वर्मी लागलं. मी माझ्या चुलीपाशी ऐकलं, म्हणाले, "मग नको येऊस." पडद्यावरनं पोरीचं तोंड गेलं. काळा चौकोन. गुरुजींनी बाकीच्यांचा तास पुरा केला, पण आवाज पडला होता.

मग त्यांच्याकडं शाळा सुरू झाल्या, सण आले, वर्ग थांबला. दिवाळी झाल्यावर दीनाचा फोन आला. रोजच्या दिवशी पोरांना वेळ नसतो, शनवारी शब्बाथ सुटल्यावर घ्याल का? शीरा पण येईल म्हणाली. गुरुजी म्हणाले, शब्बाथ सुटला की मी बसलोच. एवढंच बोलणं. कुणी किती वाजता ते विचारलं नाय, कुणी सांगितलं नाय. त्यांच्या घरात शब्बाथ घड्याळात वाजत नाय ना, तो सुटतो. दीना लहान असताना बापाच्या बोटाला धरून याच आंगणात तारे मोजायची, मी बघितलंय.

पहिल्या शनवारी तीन तारे दिसले, दिवा लागला, गुरुजींनी तोंड धुतलं, पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि लॅपटॉप उघडून बसले. मी मुद्दाम दारात गेले बघायला. पडद्यावर एकटे गुरुजी. स्वतःचंच तोंड बघत बसलेले. तासभर बसले. मला म्हणाले, त्यांच्याकडे नेटवर्क नसेल. मग जेवले नि आडवे झाले, त्यांची निजायची वेळ आठ-साडेआठची.

दुसऱ्या शनवारी पण कुणी नाय. तिसऱ्या पण नाय. गुरुजींनी वायफायचा डबा पुसला, वायर बदलून आणली, मनस्वीला फोन करून विचारलं, कडी जास्त घट्ट तर बसली नाही ना? तिनं पनवेलहून बघितलं, म्हणाली, सगळं बरोबर हाय आबा. बरोबर हाय म्हटल्यावर माणसानं दुसरं काय समजायचं? गुरुजी समजले. पोरं कंटाळली, आणि शीरानं ते 'नको येऊस' मनात धरलं.

मी म्हटलं, दीनाला विचारा ना. गुरुवारी तिचा फोन येतोच. ते म्हणाले, विचारायची गरज नाही, तीच म्हणाली, पप्पा, तुम्हाला त्रास होत असेल तर वर्ग राहू द्या. याचा अर्थ काय? मला एवढंच दिसत होतं की दर शनवारी तो पांढरा सदरा निघतो, तासभर घामेजतो आणि परत खुंटीला जातो.

गुरुजींच्या प्रार्थनेचा एक दिवस आला, त्यांना पेणला त्यांच्या प्रार्थनाघरात जायचं होतं, मला पण माहेरी जायचं होतं, रोह्याहून एकाच एस्टीत बसलो. गुरुजींची प्रार्थना पुरी व्हायला दहा पुरुष लागतात, दहा नाय जमले तर काही भाग म्हणताच येत नाय. वडखळला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा मी विषय काढला. अहो, आख्ख्या खाडीची पोरं तुम्ही घरोघर जाऊन उचलून आणलीत. माझ्या बापाच्या कारखान्यात शिरलात. आता एका पोरीला फोन करायला काय हात मोडलेत? मला वाटलं ओरडतील. ओरडले नाय. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीला ये म्हणायला काही लागत नाही, सरू. हिला मी माझ्या तोंडाने नको येऊस म्हटलंय. आता ये कोणत्या तोंडाने म्हणू? आणि म्हटलं, आणि नाही आली तर?" दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत विचारलं, जमले का दहा? नाय म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "तिकडे दहा नाहीत, इकडे एक नाही." म्हणाले, एवढा शनवार बसतो. नाही आलं कुणी तर यंत्र तुझ्या मनस्वीला देऊन टाकतो, तिच्या अभ्यासाला होईल. मला आता काळे चौकोन बघवत नाहीत.

म्हणजे तो शनवार शेवटचा. मला दिवसभर काय गोड लागेना. देवाला नारळ बोलले, हसू नका, ते ज्यू असले म्हणून काय झालं, माझा देव काय जात विचारत नाय. तारे दिसले, दिवा लागला, सदरा निघाला. मी कामं करता करता कान तिकडंच ठेवला. टुंग वाजेना. तास गेला. मग हाक आली, "सरू!"

गेले तर लॅपटॉप उघडाच, पडद्यावर त्यांचं तोंड. मला म्हणाले, घेऊन जा. मी म्हटलं, बंद करून द्या की, सकाळी नेते. तर म्हणाले, बंद मनस्वीला करायला सांग, माझ्या हाताने होत नाही. डोळ्यांकडं बघितलं नि मी गप उचलला. त्यांचा दिवा गेला. जेवले पण नसावेत.

घरी आणून खाटेवर ठेवला, चार्जर लावला. त्यांच्या वायफायचा थोडा पदर आमच्या ओटीपर्यंत पोचतो. कमळाकर दुसऱ्या शिफ्टला गेलेले, घरात मी एकटी. मनस्वीला फोन लावला तर उचलेना. म्हटलं असू दे तसाच, तिला उद्या विचारू. भाकऱ्या राहिल्या होत्या त्या थापायला बसले. नऊच्या सुमाराला मागं वाजलं, टुंग.

मी दचकले. पडद्यावर इंग्रजीत नाव, तेवढं मला वाचता येतं. शीरा. पिठाच्या हातानंच निळं बटण दाबलं.

पोरगी आली. मान खाली घातलेली, कुरळे केस तोंडावर. पाठ केल्यासारखं म्हणाली, "आत येऊ का, आजोबा?" मग मान वर केली आणि मला बघून घाबरली. मी म्हटलं, अगो ये, ये, मी सरू, शेजारची, ओळखतेस ना? हो म्हणाली. आणि रडायलाच लागली. मी विचारलं, बाय माझी, इतके शनवार होतीस कुठं? तिनं शब्द शोधून शोधून सांगितलं. ती दर शनवारी येते. सगळे यायचे. पडद्यावर लिहून येतं, थांबा, आत घेतील. थांबून थांबून नोआनं सोडलं, जोनाथननं सोडलं. आता ती एकटीच येते. मग म्हणाली, "आजोबा दार उघडत नाही. आजोबा अजून रागावले."

इकडं हा म्हातारा दार उघडून बसलाय, तिकडं ती पोर दाराबाहेर उभी हाय, आणि दोघांना वाटतंय, दुसऱ्यानं नको म्हटलं. पण मग भेट का होत नाय? मी तिला विचारणार होते, इतक्या उशिरा का येतेस गो, आणि माझं लक्ष तिच्या मागच्या खिडकीकडं गेलं. खिडकीत आभाळ अजून जांभळं होतं. खाली लाल पट्टा. आमच्याकडं मघाशीच काळोख पडून गेलेला. मी म्हटलं, शीरा, तुमच्याकडं तारे कधी दिसले? ती म्हणाली, "आत्ता. तीन. मग मी आले."

अरे देवा. चौथीत गुरुजींनी आम्हाला कंदिलापुढं नारळ फिरवून दाखवला होता. इकडं रात्र तेव्हा तिकडं दिवस, सूर्य सगळ्यांचा एकाच वेळी मावळत नाय. आख्ख्या तालुक्याच्या पोरांना तो नारळ दाखवला, आणि आपल्या लेकीच्या घरी शब्बाथ आपल्या मागनं सुटतो हे यांच्या ध्यानात नाय! आणि ती दीना पण तसलीच. दोघांनी आपापल्या आंगणातले तारे धरले. तिकडं तारे दिसायचे तोवर गुरुजी लॅपटॉप मिटून झोपलेले, फोन कपाटात बंद. मला हसू आलं नि रडू पण आलं, दोन्ही एकदम. पोरीला म्हटलं, जाऊ नको, हलू नको, मी आले. चार्जर उपटला, लॅपटॉप तसाच छातीशी धरला आणि काळोखात आंगण ओलांडलं. पायात चप्पल पण नाय.

गुरुजी खाटेवर आडवे, जागेच होते. मी म्हटलं, "उठा. शब्बाथ सुटला."

"डोकं फिरलंय का तुझं? केव्हाच सुटला."

"तुमचा सुटला. तिचा आत्ता सुटला."

लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. काळोख्या खोलीत तेवढाच उजेड. गुरुजींनी आधी पोरीकडं बघितलंच नाय, तिच्या मागच्या खिडकीकडं बघितलं. जांभळं आभाळ, लाल पट्टा. बघतच राहिले. मास्तर माणूस, त्यांना सांगावं लागलं नाय. मी जीभ चावली, पण तरी तोंडातनं गेलंच, "नारळ कुठं ठेवलात गुरुजी?" त्यांनी ऐकलं नाय.

पोरगी वाट बघत होती. तिनं परत विचारलं, हळू, "आत येऊ का, आजोबा?"

गुरुजींनी टोपी चाचपली, टोपी डोक्यावर नव्हती. डोक्यावर नुसता हात ठेवला. जन्मभर आमच्या बोलीला टोकणारा माणूस, पण तेव्हा तोंडातनं काय निघालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, "ये गो बाय. ये."

मी बाहेर आले. त्यांचं त्यांना बोलू द्यावं. आंगणात उभी राहिले तर आतनं हजेरीचा आवाज आला, एकाच नावाची हजेरी. दुसऱ्या दिवशी दीनाचा फोन आला तेव्हा बापलेक आधी भांडले, मग रडले, मग परत भांडले. मला सगळं ऐकू येतं, भिंती काय जाड नायत आमच्या.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. नाय. नोआ नि जोनाथन परत आले नायत, त्यांना दुसरे क्लास लागले. शीरा एकटी येते. तासभर बोलतात, पोरगी आता बरंच बोलते, मला सरूमावशी म्हणते. तास संपला की ती हात हलवते आणि पडदा काळा होतो. मग गुरुजी त्या काळ्या पडद्यापुढं बसून राहतात. दीना बोलावते, या इकडं. ते जात नायत. पेणला दहा जमत नायत ते नायतच.

आणि एक नवीनच खोड लागलीय. मी सांगितलं ना, शनवारी तीन तारे दिसले की टक्कन दिवा लागायचा? आता तारे बघतात, आत जातात आणि काळोखातच बसतात. दिवा नाय, पंखा नाय, चहा नाय. मच्छर त्यांना फोडून खातात. पहिल्यांदा मला वाटलं, बल्ब गेला. दारात जाऊन ओरडले, अहो, सुटला ना तुमचा शब्बाथ, दिवा लावा की! खुर्चीतनं नुसता आवाज आला, "तिचा नाही सुटला अजून."

मी घरी आले. परवा कमळाकर पहिल्या शिफ्टचे, ओटीवर बसले होते. शेजारी काळोख बघून म्हणाले, गुरुजी गावाला गेले का? मी म्हटलं, हायत की घरात. शनवार संपायचाय अजून.